आठवडी बाजार : आपले आरोग्य आणि आपला समाज

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सुचविले तेव्हा विषय कोणता घ्यावा, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. धम्म, शिक्षण, संघटन या विषयांवर अधिकारी व्यक्ती दरवर्षी लिहितातच. आम्ही पडलो बँकेतील कारकून. आमचा संबंध आकड्यांशी आणि काउंटरपुढे उभ्या राहणाऱ्या माणसांशी. म्हणून रोजच्या जगण्यातला एक साधा विषय निवडला आहे. तो म्हणजे आठवडी बाजार. ठरलेल्या वारी मोकळ्या जागेवर भरणारा, जमिनीवर पोते अंथरून शेतकरी आणि त्याची कारभारीण जेथे आपल्या शेतातला माल विकायला बसतात, तो बाजार.

आम्हा नागपूरकरांना बाजाराचे महत्त्व मुद्दाम सांगावे लागू नये. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी अशी आठवड्यातील बहुतेक वारांची नावे या शहराने आपल्या वस्त्यांना दिली आहेत. परंतु आज आपल्या समाजातील नोकरदार वर्ग बाजाराकडे पाठ फिरवू लागला आहे. मोबाइलवर बोट टेकवले की भाजी दारात येते. बाजारात चिखल असतो, गर्दी असते, गाडी लावायला जागा नसते, अशी कारणे दिली जातात. आम्हीही काही वर्षांपूर्वीपर्यंत हीच कारणे देत होतो, हे प्रथमच कबूल करतो.

बाजार सुटला की ताटातील ताजी भाजी जाते आणि ती पिकविणाऱ्या माणसाशी असलेले नाते जाते. आपल्या समाजाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जाते. बाजारात बरोबरीच्या नात्याने पाय ठेवण्याचा जो हक्क आपल्या आधीच्या पिढ्यांना सहजासहजी मिळाला नाही, तो आपण आपल्याच हाताने पडीक टाकतो. हा लेख लिहिण्यामागे एवढेच सांगण्याचा हेतू आहे.

१. बाजार आणि आपला पूर्वेतिहास

आमचे मूळ गाव उमरेड तालुक्यात. आमची आजी पावसाळ्यात रानातून तरोट्याची आणि घोळीची भाजी खुडून आणी व बाजाराच्या दिवशी टोपलीत घालून विकायला नेई. ती सांगे, बाजारात इतरांच्या ओळीत तिला बसता येत नसे. कडेला, नाल्याच्या बाजूला बसावे लागे. गिऱ्हाईक आले की जुडी जमिनीवर ठेवायची आणि चार पावले मागे सरायचे. मग ते गिऱ्हाईक जुडीवर पाणी शिंपडून ती उचली आणि पैसे जमिनीवर टाकी. तिला स्वतःला मीठ-तेल घ्यायचे असेल तर दुकानदार ते वरूनच तिच्या ओटीत किंवा भांड्यात सोडी. वजनाबद्दल बोलण्याची सोय नव्हती.

ही एकट्या आमच्या आजीची कहाणी नव्हे. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य वर्ग आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. पूज्य बाबासाहेब या समितीचे सदस्य होते. समितीचा अहवाल १९३० साली आला. गावातील अस्पृश्यांनी आपला हक्क मागितला की सवर्ण मंडळी त्यांच्यावर बहिष्कार घालतात आणि गावच्या वाण्यालाही त्यांना जीवनावश्यक वस्तू विकू देत नाहीत, असे त्यात नमूद आहे. म्हणजे माणसाला नमविण्यासाठी काठी उगारण्याचीही गरज नव्हती. त्याचा बाजार बंद केला की पुरे होत असे.

बाबासाहेबांनी ही गोष्ट कधीही विसरू दिली नाही. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये केवळ विहिरी, तलाव आणि रस्ते यांचाच उल्लेख नाही. दुकानात प्रवेश करण्याच्या बाबतीत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणालाही आडकाठी करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत यावर चर्चा झाली तेव्हा ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे, मोबदला घेऊन सेवा देणारा प्रत्येकजण त्यात येतो, असा खुलासा बाबासाहेबांनी केला होता. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो २०१६ साली, आणि तो अमलात आला २०१७ मध्ये. स्टार्ट समितीच्या अहवालानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी! यावरून बाजाराचा प्रश्न किती खोल आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

आमच्या आजीने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर ती बाजारात कडेला बसली नाही. पहिल्या दिवशी लोक कुरकुरले, पण ती उठली नाही, असे ती शेवटपर्यंत अभिमानाने सांगत असे.

२. शेतकऱ्याच्या पदरात काय पडते?

आपण बाजारात एक रुपया टाकतो. त्यातील किती पैसे शेतकऱ्याकडे पोहोचतात? २०२४ साली भारतीय रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी टोमॅटो, कांदा आणि बटाटा या पिकांच्या भाववाढीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ग्राहकाच्या एका रुपयातील टोमॅटोचे सुमारे ३३ पैसे, कांद्याचे ३६ पैसे आणि बटाट्याचे ३७ पैसे शेतकऱ्याला मिळतात, असा त्यांचा अंदाज आहे. उरलेले पैसे वाहतूक, हमाली, अडत, घाऊक व्यापारी, किरकोळ व्यापारी आणि वाटेत होणारी नासाडी यांत जातात.

येथे मधली सगळी माणसे लुटारू आहेत असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. कळमना बाजारात पहाटे गोणी उचलणारा हमाल, कॉटन मार्केटमधून माल घेऊन गल्लोगल्ली हातगाडी ढकलणारा भाजीवाला, हेदेखील कष्टकरीच होत. त्यांतील कित्येक आपल्याच वस्त्यांतील आहेत. शिवाय शेतकरी स्वतः बाजारात आला तरी त्याला गाडीभाडे लागते आणि शेतीतला एक दिवस मोडतो. तरीही मधले हात कमी झाले की शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळतात आणि ग्राहकालाही माल रास्त भावात मिळतो, हा हिशेब कोणालाही पटण्यासारखा आहे.

हा हिशेब ओळखून निरनिराळ्या राज्यांनी शेतकरी बाजार सुरू केले. पंजाबात १९८७ साली ‘अपनी मंडी’ सुरू झाली. आंध्र प्रदेशात जानेवारी १९९९ मध्ये ‘रयतू बाजार’ निघाले, आणि तेथे शेतकऱ्यांना ओळखपत्रे देण्याची पद्धत पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तामिळनाडूने मदुराई येथे पहिली ‘उळवर संदै’ म्हणजे शेतकऱ्यांची बाजारपेठ उघडली. आपल्या राज्यात जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा करण्यात आला आणि आवाराबाहेर विक्री करण्याचा मार्ग खुला झाला. त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू झाले. शेतात भाजी पिकविता पिकविता अभंग रचणाऱ्या संताचे नाव बाजाराला देणे उचितच झाले. अर्थात, सरकारने जागा दिली तरी गिऱ्हाईक फिरकले नाही तर बाजार टिकत नाही. ते काम आपले आहे.

३. आरोग्याच्या दृष्टीने

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत. बटाटा आणि तत्सम पिठूळ कंद यात धरायचे नाहीत. आता कारकुनी हिशेब करू. चार माणसांचे कुटुंब धरले तर दिवसाला १,६०० ग्रॅम आणि आठवड्याला ११ किलो २०० ग्रॅम होतात. आम्ही हा आकडा प्रथम वाचला तेव्हा आमच्या घरी आठवड्याला किती भाजी येते ते चार आठवडे वहीत लिहून काढले. बटाटे वगळून ती साडेपाच किलोच्या पुढे कधी गेली नाही. पगारदार माणसाचे घर, फ्रिज भरलेला, आणि तरीही गरजेच्या निम्मीच भाजी! खाण्यात काय होते? बटाटा, बिस्किटे, पाकिटातील खारे पदार्थ आणि वरचेवर चहा.

याचा परिणाम आम्हाला घरातच दिसला. आमची मुलगी बारावीला असताना तिला सतत थकवा येई. अभ्यासाचा ताण म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. शेवटी रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ९ च्या आत निघाले. स्त्रियांमध्ये ते किमान १२ असावे लागते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारले, “घरी पालेभाजी आठवड्यातून किती वेळा होते?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. तिच्या आजेसासूबाईंच्या वयाची आमची आजी रानातील भाजी विकून संसार करीत होती, आणि त्याच घरातील पणतीच्या ताटात पालेभाजी नव्हती!

हे एका घरापुरते नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. निम्म्याहून अधिक! रक्तक्षयाची कारणे अनेक असतात, म्हणून तपासणी आणि औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. आमच्या मुलीला बरे वाटले ते गोळ्यांनी, हे आम्ही मान्य करतो. पण गोळ्या संपल्यावर ताटाने साथ दिली पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हटले आहे. राज्याने आपले कर्तव्य करावे, आणि आपण आपल्या स्वयंपाकघरातील कर्तव्य करावे.

आठवडी बाजाराचा येथे कोणता उपयोग होतो?

पहिला, ताजेपणा. पालेभाजी खुडल्यापासून तिच्यातील क जीवनसत्त्व कमी होऊ लागते. उन्हात, उबेत ठेवली तर अधिक झपाट्याने कमी होते. जवळच्या गावातून आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे खुडून आणलेली जुडी आणि तीन दिवस पोत्यात प्रवास करून आलेली जुडी यांत म्हणूनच फरक असतो. हे क जीवनसत्त्व भाजीतील लोह शरीरात शोषले जाण्यास मदत करते. म्हणून पालेभाजीवर लिंबू पिळावे, सोबत आवळा किंवा कच्चा टोमॅटो घ्यावा. जेवणाबरोबर चहा मात्र घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही. जेवणानंतर तासभर तरी थांबावे.

दुसरा, विविधता. दुकानात बारा महिने त्याच सात-आठ भाज्या दिसतात. आठवडी बाजारात ऋतू दिसतो. पावसाळ्यात तरोटा, काटवले, पूर्वेकडून येणारे बांबूचे वास्ते. हिवाळ्यात मेथी, हरभऱ्याची कोवळी भाजी, पोपटीच्या शेंगा, वांगी, मुळा, हिरवागार सांबार. उन्हाळ्यात कोहळे, काकडी, ढेमसे, कैरी. अंबाडी, चवळी, आंबटचुका, लाल माठ हे तर पुष्कळदा स्वस्तातच मिळतात. एकच पालक रोज खाण्यापेक्षा अशा निरनिराळ्या भाज्या आलटून पालटून खाणे हितकारक असते. याच बाजारात ज्वारी, भिवापुरी मिरची आणि वायगावची हळदही मिळते. मिरची आणि हळद या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. आपल्याच भागातील ही संपत्ती आपल्याच मुलांना ठाऊक नसावी, हे बरे नव्हे.

तिसरा, खाण्याची सवय. मुलांना बाजारात नेले की ती भाजीची नावे विचारतात, स्वतः निवडतात, आणि स्वतः निवडलेली भाजी पानात टाकून देत नाहीत. आमच्या धाकट्याने काटवले खायला सुरुवात केली ती अशीच. शिवाय पिशवी घेऊन तासभर चालणे होते, तो व्यायाम वेगळाच.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाजारात दिसते ते सगळे जवळच्या शेतातले असते असे नाही. जवळच्या शेतातले असले म्हणून ते औषध फवारणीशिवाय पिकविले असते, असेही नाही. शेतकरी प्रामाणिकपणे सांगतो की एवढ्या फवारण्या केल्या. ते ऐकावे आणि भाजी वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा नीट धुवावी. आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर पाण्याबरोबर जीवनसत्त्वेही जातात. फळे कार्बाइडने पिकविण्यास कायद्याने बंदी आहे, म्हणून वरून एकसारखी पिवळी आणि आतून कच्ची लागणारी फळे घेऊ नयेत. तथागतांनी उपासकाने करू नयेत असे जे पाच व्यापार सांगितले, त्यांत विषाचा व्यापार आहे. अन्नात विष कालविणारा जितका दोषी, तितकाच चकाकी पाहून ते मागणारा ग्राहकही विचार करण्याजोगा आहे. किंचित किडके पान दिसले म्हणून जुडी फेकणारे आपणच फवारणी वाढवीत असतो.

४. समाजाच्या दृष्टीने

पाच-सहा वर्षांपूर्वी मातोश्रींना घेऊन आम्ही बुधवार बाजारात गेलो होतो. एक वृद्ध बाई अंबाडीच्या जुड्या मांडून बसली होती. तिने पंधरा रुपये सांगितले. आम्ही दहावर अडून बसलो. शेवटी तिने “न्या भाऊ” म्हणून जुडी पिशवीत टाकली. चार पावले गेल्यावर मातोश्री मागे वळल्या, आपल्या कनवटीचे पाच रुपये काढून त्या बाईच्या हातात दिले आणि आम्हाला एवढेच म्हणाल्या, “तुझी आजी इथं बसली असती तर?”

त्या दिवसापासून आमचे बाजार करणे बदलले. मॉलमध्ये छापील किमतीवर आम्ही कधी वाद घातला नव्हता. कपड्याच्या दुकानात, हॉटेलात मुकाट पैसे देत होतो. मग पाच रुपयांसाठी आमचा सगळा बाणा त्या म्हातारीपुढेच का जागा व्हावा? आपल्या वाडवडिलांना बाजारात ज्यांनी खाली पाहायला लावले, त्यांचीच नजर आपण नोकरी लागल्यावर उसनी घेतली काय? हा प्रश्न प्रत्येक नोकरदाराने स्वतःला विचारावा असे आम्हाला वाटते. भाव विचारावा, चार ठिकाणी फिरावे, परवडत नसेल तर घेऊ नये. परंतु समोरच्याची नड पाहून भाव पाडू नये. बाजार उठताना, अंधार पडताना उरलेला माल परत नेण्यापेक्षा मिळेल त्या भावाने देण्याची त्यांच्यावर पाळी येते. त्या वेळी हे विशेष पाळावे.

बाजारात नाते जुळते ते असे. आता त्याच ओळीतील एक मावशी आम्हाला ओळखते. एकदा पावसाळ्यात आम्ही पालकाच्या जुडीला हात घातला तर ती म्हणाली, “भाऊ, आज पालक घेऊ नका, रातच्या पावसानं बसला आहे. मेथी न्या.” तिच्याजवळ पालकाचा ढीग पडला होता, तरी ती असे म्हणाली. कोणता मोबाइल आपल्याला हे सांगेल? दोन आठवडे आम्ही दिसलो नाही तर ती घरच्यांची खुशाली विचारते. तिच्या मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे करायचा ते आम्ही तिला सांगितले. जातपात कोणी विचारली नाही. ज्या बाजारात आमची आजी जुडी ठेवून मागे सरत होती, तशाच बाजारात आज जुडी हातातून हातात दिली जाते. ही गोष्ट लहान नाही.

बँकेच्या काउंटरवरही बाजाराचे महत्त्व कळते. २०२० साली पथविक्रेत्यांसाठी ‘स्वनिधी’ कर्ज योजना सुरू झाली तेव्हा पहिले कर्ज १०,००० रुपयांचे होते. आम्ही पाहिले की बाजारात बसणाऱ्या कित्येक बाया हप्ता फेडण्यासाठी दहा-दहाच्या नोटा रुमालात बांधून वेळेवर आणीत. त्यांचा धंदा चालतो तेव्हाच हप्ता येतो, आणि धंदा चालतो तो आपल्यासारख्या गिऱ्हाइकांवर. बाजारात खर्च केलेला पैसा पुन्हा जवळच्याच गावात बियाणे, मजुरी आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी फिरतो.

विद्यार्थ्यांनी कायद्याचीही माहिती ठेवावी. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमात, जेथे विक्रेते आणि ग्राहक परंपरेने एकत्र येत आले आहेत अशा ‘नैसर्गिक बाजारा’ची दखल घेतली आहे. शहरातील पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असले पाहिजेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत. रस्ता रुंद करताना किंवा इमारत बांधताना बाजार उठविला जातो तेव्हा बहुतेक विक्रेत्यांना हे हक्क माहीत नसतात. आपल्यातील शिकलेल्या मुलांनी ते त्यांना समजावून सांगावेत.

५. बाजार कसा करावा?

अनुभवातून काही गोष्टी सुचवितो.

(अ) शेतकरी ओळखावा. ज्याच्याजवळ दोन-तीनच प्रकारचा माल आहे, मुळांना ओली माती आहे, आकार लहानमोठे आहेत आणि पेरणी केव्हा केली हे जो सांगू शकतो, तो बहुधा शेतकरी असतो. पंधरा प्रकारच्या भाज्या मांडणारा बहुधा घाऊक बाजारातून आणणारा असतो. त्याच्याकडूनही घ्यावे, पण आधी शेतकऱ्याकडून घ्यावे.

(आ) आठवड्याची आखणी करावी. पहिल्या दोन दिवसांत पालेभाज्या संपवाव्यात. पुढील दोन दिवस वांगी, भेंडी, शेंगा. शेवटी कोहळे, गाजर, कांदा आणि घरी मोड आणलेली मटकी. अशी आखणी केली तर एका बाजारात आठवडा निघतो आणि नासाडी होत नाही.

(इ) कापडी पिशव्या न्याव्यात. राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे. सुटे पैसे न्यावेत.

(ई) वजनकाट्यावर लक्ष ठेवावे, पण संशयाने नव्हे. खोटे माप हे न दिलेले घेणेच होय, म्हणून दुसऱ्या शीलाचा त्यात भंग होतो. हे विक्रेत्याला लागू आहे, तसेच मापापेक्षा मूठभर अधिक हिसकावणाऱ्या ग्राहकालाही लागू आहे.

(उ) बाजार हे एकट्या गृहिणीचे काम समजू नये. घरातील पुरुषांनी आणि मुलांनीही जावे. पिशव्या उचलणे, भाजी निवडणे, धुणे ही कामे वाटून घ्यावीत. नाहीतर ताज्या भाजीचा सगळा भार पुन्हा तिच्यावरच पडेल.

६. विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१) चार आठवडे आपल्या घरी येणाऱ्या भाजी व फळांचे वजन वहीत लिहा. बटाटे वेगळे मांडा. माणशी रोज किती ग्रॅम पडतात ते काढा आणि ४०० ग्रॅमशी ताडून पाहा.

२) जवळच्या बाजारातील पाच विक्रेत्यांशी बोला. माल कोणत्या गावाहून आला, गाडीभाडे किती पडले, दिवसाअखेर हाती काय उरले, हे विचारा. विचारण्याआधी त्यांची परवानगी घ्या.

३) आपल्या घरातील वृद्धांना त्यांच्या लहानपणीच्या बाजाराच्या आठवणी विचारा आणि त्या त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. ही माणसे गेल्यावर हा इतिहास कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही.

४) संविधानाचे अनुच्छेद १५, १७ आणि ४७ वाचा. तिन्हींचा बाजाराशी काय संबंध आहे यावर दहा ओळी लिहा.

समारोप

मंडळाला आमची एक नम्र सूचना आहे. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर विहाराच्या आवारात जवळच्या गावातील आठ-दहा शेतकऱ्यांना आणि आपल्या महिला बचतगटांना माल घेऊन बसण्यास जागा द्यावी. जागेचे भाडे घेऊ नये. एखाद्या डॉक्टर उपासकाने त्याच वेळी स्त्रिया व मुलींच्या रक्ततपासणीची सोय करावी. यास फार पैसा लागत नाही. सतरंज्या, पिण्याचे पाणी आणि चार स्वयंसेवक एवढे पुरेसे आहे. आम्ही हिशेब लिहिण्याची जबाबदारी आनंदाने घेऊ.

आमच्या आजीला बाजारात इतरांच्या ओळीत बसता यावे म्हणून बाबासाहेबांना एवढा लढा द्यावा लागला. ती बसली. आता तिच्या पणतीने त्या ओळीपुढे वाकून, भाव विचारून, जुडी हातात घेऊन घरी यावे, आणि आल्यावर ती भाजी खावीही, एवढीच आमची अपेक्षा आहे. येत्या बुधवारी बाजारात भेट होईल अशी आशा करून लेख संपवितो.

जय भीम!